सासूबाई गाणी सांगत नाहीत. चोरून रेकॉर्ड करू का?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका सूनबाईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या इच्छेप्रमाणे नाव-गाव गाळून त्याचा सारांश देत आहोत.

त्या पस्तिशीच्या आहेत, पणजीत नोकरी करतात आणि शनिवार-रविवारी गावी येतात. सासूबाईंना घरात सगळे मांय म्हणतात. मांय पंच्याहत्तरीला टेकल्या आहेत. त्यांच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, पौषात बायका धालो हा गाण्या-नाचाचा उत्सव करतात; तो जिथं होतो त्या राखीव अंगणाला मांड म्हणतात. त्या मांडावर धालोंची गाणी वर्षानुवर्षं मांयच सुरू करायच्या. पाच रात्रींची गाणी, त्यांचा क्रम, शेवटच्या रात्रीची सोंगं, सगळं त्यांना तोंडपाठ. कोविडात मांड बंद पडला तो पुन्हा उभा राहिलाच नाही, असं सूनबाई लिहितात. त्याच सुमाराला सासरे वारले. आता मांयना दम पुरत नाही, मधेच ओळ निसटते. सूनबाई वही घेऊन बसल्या तर मांय म्हणाल्या, "मांडाभायर तीं गितां काडूंक जायनात." पौष नसताना तर नाहीच, देवीचा कोप होईल. शेवटच्या रात्रीच्या गाण्यांचा विषय काढल्यावर त्या तोंडाला पदर लावून हसल्या आणि उठून गेल्या.

धाकटे दीर म्हणतात, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. मांय भाजी चिरताना गुणगुणतात, तेव्हा मोबाईल आडून ठेवायचा आणि सगळं यूट्यूबवर टाकायचं. सूनबाईंनी एकदा तसं केलंही. ती छोटी क्लिप त्यांच्या फोनमध्ये आहे आणि तेव्हापासून त्यांना चैन नाही. त्या विचारतात: "मांयचा शब्द मोडू की गाणी बुडू देऊ? हे बोलायचं नाही, ते बोलायचं नाही, असल्या नियमांनीच आपल्या परंपरा संपत चालल्या आहेत ना?"

प्रिय ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. न बोलण्याच्या नियमांनी परंपरा संपतात का? कधी कधी संपतात. पण तुमच्या वाड्यावर तसंच झालं आहे, हे तुमच्या पत्रावरून मला पटलेलं नाही. मांडाबाहेर गायचं नाही हा नियम मांयच्या सासूलाही होता, तिच्या सासूलाही असणार. तरी गाणी मांयपर्यंत आली. वही नव्हती, मोबाईल नव्हता, बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, आणि पाच रात्री पुरतील एवढी गाणी एका पिढीच्या तोंडून दुसऱ्या पिढीच्या तोंडी गेली. ती हा नियम पाळून गेली. आज त्याच नियमावर खापर फोडायचं, तर मधल्या काळात दुसरं काय बदललं ते आधी बघावं लागेल.

धालो कसे होतात ते तुम्ही पाहिलं आहे. न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. पौषातल्या चांदण्या रात्री, सारवलेल्या मांडावर, दिवा लावून बायका दोन ओळींत समोरासमोर उभ्या राहतात. एकमेकींच्या कमरेत हात घालून, वाकत, पुढं येत, मागं सरत गातात. सातेरी, केळबाय, रवळनाथ अशा गावच्या देवांना आधी साद घालायची, मग पुढची गाणी. एका ओळीनं म्हटलेलं दुसरी उचलते. नवखी पोर दोन जाणत्या बायकांच्या मधे अडकवलेली असते. ती आधी ऐकते, मग म्हणते, आणि चुकली तर शेजारणीचा हात कमरेला जरा घट्ट होतो. धालोंची शाळा ती एवढीच. ती वर्षातून मोजक्या रात्री भरते आणि एरवी बंद असते. बंद असते म्हणून पौष आला की तिची ओढ लागते. जी गाणी सदानकदा, कुठंही, कुणीही म्हणू शकतं, ती शिकायला थंडीत रात्री घराबाहेर कोण पडेल?

म्हणून मला असं वाटतं की अशा प्रत्येक नियमाला दोन अंगं असतात. एक बंदीचं: इथं नाही, आता नाही, याच्यासमोर नाही. दुसरं देण्याचं: कुठं, कधी, कुणाला आणि कशा रीतीनं द्यायचं. नियम जिवंत असतो तोवर ही दोन्ही अंगं माणसांच्या हाडीमाशी भिनलेली असतात, कुणी वेगळी करून सांगत नाही. माणसं पांगली की देण्याचं अंग आधी गळतं, कारण त्याला रात्री, अंगण आणि बारा-पंधरा बायका लागतात. बंदीच्या अंगाला काहीच लागत नाही. नुसतं "नाही" म्हणायला एक माणूस पुरतं. मांयकडे आज तेवढंच उरलं आहे. तुम्ही त्यांना विचारता, "हा नियम मोडायचा का?" त्याऐवजी विचारा, "मांय, तुला ही गाणी कुणी दिली? कशी दिली? पहिल्यांदा तू ओळीत कधी उभी राहिलीस?" या प्रश्नांवर कसलीही बंदी नाही. गाणं काढायचं नसलं तरी गाण्याबद्दल बोलायला मांड लागत नाही. आणि माझा अंदाज आहे की देण्याच्या रीतीबद्दल मांयना जे ठाऊक आहे, ते तुम्हाला हव्या असलेल्या गाण्यांइतकंच मोलाचं आहे.

आपल्याच भाषेतलं उदाहरण घ्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा किती पिढ्यांचा दंडक. त्यानं उखाणे मारले का? त्यानंच जन्माला घातले. एरवी ज्या नावाला बंदी, ते चारचौघींत घेण्याची एक रीत ठरली आणि त्या रीतीनं ओळीच्या ओळी रचल्या गेल्या. आज बायका नवऱ्याला खुशाल नावानं हाक मारतात, ते चांगलंच झालं. उखाणा मात्र लग्नातल्या हौसेपुरता उरला. बंदी गेली की परंपरा फुलतेच, असं काही नसतं.

महानुभावांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. पंथाचं साहित्य बाहेरच्यांना वाचता येऊ नये म्हणून त्यांनी ते सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवलं. परिणाम असा की तेराव्या शतकातलं मराठी गद्य बाकीच्या मराठी माणसांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ ठाऊकच नव्हतं. वि. का. राजवाडे, वि. ल. भावे अशा संशोधकांनी लिपीची किल्ली शोधल्यावर ते उजेडात आलं. एवढी शतकं आपण ते वाचू शकलो नाही, हे नुकसान मी लहान मानत नाही. पण पंथाच्या आत पोथ्यांच्या नकला होत राहिल्या, पाठांतर होत राहिलं, म्हणूनच उजेडात यायला काही शिल्लक होतं.

आणि नियमानं खरोखर घात केल्याचं उदाहरणही समोर ठेवते, नाहीतर मी मांयची वकिली करतेय असं वाटेल. वेद म्हणायचे कुणी, ऐकायचे कुणी, यावर जेवढी बंधनं होती तेवढी आपल्याकडे दुसऱ्या कशावर नसतील. देण्याची रीत पक्की होती: पद, क्रम, जटा, घन असे पाठ, एक स्वर इकडचा तिकडे व्हायचा नाही. पतंजलीच्या महाभाष्यात शाखांची गणना आहे: ऋग्वेदाच्या २१, यजुर्वेदाच्या १०१, सामवेदाच्या १०००, अथर्ववेदाच्या ९. युनेस्कोच्या नोंदीत आजच्या जिवंत पठणशाखा १३ आहेत. रीत उत्तम, पण घेणाऱ्यांचा दरवाजा अरुंद. बायकांना नाही, बहुसंख्य जातींना नाही. मग त्या थोडक्या घरांतली मुलं पोटापाण्यासाठी दुसरीकडे वळली की पुढं न्यायला माणूसच उरला नाही. तेव्हा मांयच्या नियमात काय तपासायचं, तर "कधी" आणि "कुठं" यापेक्षा "कुणाला" तपासा. तिथं दार किती अरुंद आहे?

इथं मला तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी थांबायचं आहे. ते तुम्ही जाता जाता लिहिलं आहे: त्याच सुमाराला सासरे वारले.

मांड कोविडानं बंद पडला, हे खरं असेल. पण कोविड सरून इतकी वर्षं झाली. शिगमो पुन्हा सुरू झाला, जत्रा सुरू झाल्या, चतुर्थीच्या फुगड्या सुरू झाल्या. मग तुमच्याच वाड्याचा मांड का उठला नाही? पुढं राहून गाणी काढणारी बाई विधवा झाली आणि तिनं पुढं राहायचं नाही असं वाड्यावर मानलं गेलं, असं तर नाही? कदाचित कुणी तोंडावर म्हटलंही नसेल. मांयनीच स्वतःहून पाऊल मागं घेतलं असेल. सगळ्याच गावांत असं नसतं, पण पुष्कळ ठिकाणी असतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. माझा अंदाज चुकीचा असू शकतो. पण बरोबर असेल, तर तुम्ही जिला गाण्यावरची बंदी समजता ती मुळात मांयवरची बंदी आहे, आणि "मांडाबाहेर गायचं नाही" या वाक्याच्या पोटात "आणि मांडावर मला कुणी बोलावत नाही" हे दुसरं वाक्य दडलेलं आहे. ते त्या तुम्हाला आपणहून सांगणार नाहीत.

हे तपासायचं कसं? मांयना सरळ विचारू नका. वाड्यावरच्या त्यांच्या वयाच्या दोघी-तिघींकडे जाऊन बसा. "यंदा मांड घातला तर मांय पुढं राहिलेल्या चालतील ना?" एवढंच विचारा आणि गप्प राहा. चालतील म्हणाल्या तर निरोप त्यांनीच मांयना द्यायला हवा, तुम्ही नव्हे. सुनेच्या तोंडून आलेलं बोलावणं हे बोलावणं नसतं. चालणार नाही म्हणाल्या, तर भांडायची जागा ती आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये विधवांवरच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, महाराष्ट्र सरकारनं तो कित्ता बाकीच्या ग्रामपंचायतींपुढं ठेवला, आणि गोव्यातल्या काही ग्रामसभांनीही नंतर तसे ठराव घेतले. ठरावानं मन बदलत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण "आम्ही काय करणार, रीतच आहे" म्हणणाऱ्यांना त्यानं एक सबब कमी होते.

आता शेवटच्या रात्रीची गाणी. मांय पदर लावून हसल्या, याचा अर्थ तुम्ही "लाजल्या" असा घेतलात. लाजल्याच असतील. पण मला त्या हसण्यात रागाचा लवलेश दिसत नाही. शेवटच्या रात्री बायका सोंगं घेतात, पुरुषांचे कपडे चढवतात, नवऱ्यांची, सासवांची, भाटकाराची (जमीनदाराची) टर उडवतात, आणि काही गाणी चावट असतात. ती गाणी पुरुषांनी ऐकायची नसतात, म्हणून तर ती म्हणता येतात. त्या बंदीनं बायकांना वर्षातून एक रात्र तोंड उघडायची मोकळीक दिली होती. अशी गाणी यूट्यूबवर गेली की दोनपैकी एक होणार: कुणीतरी खालची प्रतिक्रिया वाचून दाखवेल आणि मांय पुन्हा कधी गाणार नाहीत, किंवा कुणी सज्जन माणूस ती "सुधारून" स्टेजवर आणील. दुसरी गोष्ट मला जास्त घातक वाटते. देवीच्या कोपाला भिऊन गाणं वर्षभर गप्प राहतं आणि पौषात उठतं. चारचौघांच्या लाजेनं गप्प झालेलं गाणं सहसा उठत नाही. जी रीत लोकांनी गावंढळ ठरवली, ती मुली शिकतच नाहीत, आणि त्या न शिकण्याला कुणी बंदी म्हणत नाही.

बाहेरून लादलेल्या बंदीचा तर आपल्याला चांगला अनुभव आहे. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयनं फर्मान काढलं की इथल्या लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी आणि आपली भाषा टाकावी. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, हुकूमनाम्यानं ख्रिस्ती झालेल्यांच्या लग्नात ओव्या म्हणायला, नवरा-नवरीला हळद-तेल चोळायला, अगदी दारी तुळस लावायलाही मनाई केली. पुष्कळ काही त्यात नाहीसं झालं. तरी आज सासष्टीतल्या ख्रिस्ती लग्नघरात रोसाला जाऊन बघा: नारळाचा रस अंगाला चोळतात आणि म्हाताऱ्या बाया गीत धरतात. इन्क्विझिशन १८१२ मध्ये संपलं, रोस राहिला. घरातल्या बायकांना तो हवा होता, म्हणून राहिला.

आता मोबाईलकडे येते. तुमच्या दिरांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. मांय पंच्याहत्तरीच्या आहेत, दम पुरत नाही, हे वास्तव आहे आणि "पौषाची वाट बघू" म्हणता म्हणता एखादा पौष त्यांच्याविना येईल. घाई समजण्यासारखी आहे. पण चोरून केलेलं रेकॉर्डिंग नुसतं अनैतिकच नाही, ते कामाचंही नाही. भाजी चिरताना गुणगुणलेल्या तुकड्यांतून काय मिळणार? सूर मिळेल, चार ओळी मिळतील. कुठलं गाणं कुठल्या रात्रीचं, कशानंतर कुठलं, समोरची ओळ कुठं उचलते, पाय कधी वळतो, कुठल्या गाण्याला दिवा पुढं घ्यायचा, यातलं काहीच नाही. सोळाव्या शतकातल्या गोव्यातल्या रामायण-महाभारताच्या कोकणी-मराठी कथा जेजुइट पाद्र्यांनी रोमन लिपीत उतरवून घेतल्या होत्या. त्या हस्तलिखितांच्या प्रती आज पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत. अभ्यासकांना त्यांचा केवढा उपयोग झाला. पण त्या कथा इथल्या देवळाच्या अंगणात कशा सांगत, कुणी सांगायच्या, ऐकणारे कुठं हुंकार देत, ते त्या कागदांवरून उठवता येत नाही. जे टिकलं ते मोलाचं आहे, पण ती परंपरा नाही. परंपरेचा पुरावा आहे. तुम्हाला पुरावा हवा आहे की पुढच्या पौषात ओळीत उभी राहणारी तुमची मुलगी हवी आहे? दोन्ही हवं असेल, तर मांयची संमती लागेलच.

तेव्हा त्या क्लिपचं आधी मिटवा. मांयना एकटीला गाठा, क्लिप ऐकवा आणि सांगा की न विचारता केलं. रागावतील. पुसून टाक म्हणाल्या तर त्यांच्यासमोर पुसा आणि कुठं पाठवली असेल तर तिथूनही. दिरांकडे गेली नाही ना? पण मला अशीही शक्यता दिसते की त्या स्वतःचा आवाज ऐकून म्हणतील, "इथं चुकले मी, ही ओळ अशी नाही." तसं झालं तर घाई करू नका. दुरुस्त करून गा म्हणू नका. फक्त विचारा, मग कशी आहे ते मला कधी कळेल?

आणि देवीचा कोप? इथं दीर जिला अंधश्रद्धा म्हणतात, तिच्यातच वाट आहे. आपल्या गावांत कुठलाही नियम "देवाला विचारल्याशिवाय" बदलत नाही, याचा दुसरा अर्थ असा की देवाला विचारून तो बदलता येतो. त्यासाठी गाऱ्हाणं आहे, कौल आहे: मूर्तीला लावलेली पाकळी कशी पडते त्यावरून देवाचा होकार-नकार घ्यायचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा आपल्या माणसांनी कुठ्ठाळीचा मंगेश नदीपलीकडे प्रियोळला नेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला नेली. ज्यांनी देवाची जागा हलवली, त्यांच्या वंशजांना मांडाची जागा शेजारच्या अंगणात हलवता येणार नाही? गुडघ्यांमुळे मांयना मांडापर्यंत चालवत नसेल, तर घरासमोरचं अंगण सारवून, दिवा लावून, तुळशीपाशी नारळ ठेवून, पौषातच, बायकांतच ती गाणी म्हणता येतील का, एवढा कौल वाड्यावरच्या जाणत्यांनी सातेरीला लावावा. तुमची श्रद्धा असो-नसो. मांयची आहे, आणि परवानगी त्यांच्या मनाला पटेल अशाच ठिकाणाहून यायला हवी. पाकळी नकाराची पडली तर? मग तो नकार मानायची तयारी ठेवून विचारा. हवं तेच उत्तर येईल या खात्रीनं कौल लावायचा नसतो.

रेकॉर्डिंगला त्या कधी तयार झाल्याच, तर अटी त्यांच्या असू द्या. पौषात, मांडावर, बाईनंच करायचं. कुणी ऐकायचं आणि कधी, हेही त्यांनीच ठरवायचं. हे काही माझं खूळ नाही. ऑस्ट्रेलियातल्या अनेक आदिवासी समाजांत मेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, त्याचा फोटो, आवाज शोकाच्या काळात दडवून ठेवतात; काही विधी फक्त बायकांचे, काही फक्त पुरुषांचे. तिथल्या टेनंट क्रीकच्या वारुमुंगु लोकांबरोबर काम करताना 'मुकुर्तु' नावाची संगणकीय संग्रहाची पद्धत तयार झाली. तिच्यात कोण काय पाहू शकेल हे त्या समाजाच्या रीतीप्रमाणे ठरतं. "हे फक्त बायकांसाठी", "हे ठरावीक ऋतूतच" अशा खुणा नोंदींवर लावण्याची सोयही आता जगभरच्या मूलनिवासी समाजांसाठी झाली आहे. तुम्हाला एवढं तंत्र नको. एक मेमरी कार्ड, वाड्यावरच्या दोन वेगवेगळ्या घरांतल्या बायकांकडे त्याच्या दोन प्रती, आणि वहीच्या पहिल्या पानावर मांयच्या तोंडचे नियम, एवढं पुरे. एकाच घरात ठेवू नका, भाऊबंदकीत वाटण्या होतात तेव्हा असल्या वस्तू पहिल्यांदा हरवतात.

लिहून घ्याल तेव्हा गाणी शुद्ध करू नका. धालोंच्या गाण्यांत कोकणी आणि मराठी एकमेकींच्या कमरेत हात घालूनच उभ्या आहेत; एखादी ओळ मराठी वळणाची, पुढची कोकणी. हे आपलं की त्यांचं, हा वाद गोव्यात इतरत्र भरपूर चालतो, तो मांडावर आणायची गरज नाही.

स्टेजबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. पणजीचा लोकोत्सव साधारण जानेवारीत असतो, म्हणजे पौषाच्या आसपास. तिथं धालो सादर करणाऱ्या बायकांना मी नावं ठेवणार नाही. मानधन मिळतं, शहर बघतं, मुलींना आपल्या गाण्याचा अभिमान वाटतो. माझी अट एकच: आधी मांड, मग स्टेज. आणि कुठली गाणी स्टेजवर न्यायची, कुठली नाही, हे मांयसारख्या बायकांनी ठरवावं. पुष्कळ ठिकाणी अशी विभागणी त्यांनी कधीच करून ठेवलेली असते, आपण विचारत नाही.

अशीच अडचण वेगळ्या रूपात असलेल्या वाचकांसाठी दोन शब्द. गावठी वखद (औषध) देणाऱ्या आजोबांबद्दल पत्रं येतात: झाडपाल्याचं नाव सांगितलं की गुण जातो, म्हणून ते कुणाला सांगत नाहीत. त्यांनाही तोच प्रश्न विचारा, तुम्हाला कुणी आणि कधी दिलं. बहुतेक ठिकाणी एखाद्या शिष्याला, एखाद्या ठरल्या दिवशी, असं देण्याचं अंग असतंच. सांगितल्यानं कधी रक्षणही होतं, हे त्यांना समजावा. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं होतं. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं जुने लिखित पुरावे पुढं ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. तोंडी ज्ञान त्या दरबारात उभं राहिलं नसतं. पंचायत पातळीवर लोकांची जैवविविधता नोंदवही असते, तिच्यात काय लिहायचं आणि काय नाही, हे सांगणाऱ्यानं आधी ठरवून, समितीकडून कबूल करून घ्यावं. मात्र कावीळ असो की सर्पदंश, आधी बांबोळीचं सरकारी रुग्णालय, मग आजोबा. याला कौल लावायची गरज नाही.

परत तुमच्याकडे. हे सगळं करूनही मांय "नाही" म्हणू शकतात. किंवा देवाची गाणी देतील आणि शेवटच्या रात्रीची देणार नाहीत. त्यांचा तो अधिकार आहे, आणि काही गाणी त्यांच्याबरोबर जातील. त्याचं दुःख करा, पण त्यांना त्या दुःखाचा जाब विचारू नका. शेवटची काही वर्षं सुनेच्या वहीला भिऊन काढायची वेळ कुणावर येऊ नये.

राहता राहिला तुमच्या पत्रात नसलेला एक हिशेब. मांड का भरत नाही, असं वाड्यावरच्या तुमच्या वयाच्या बायकांना विचारलंत, तर देवीचा कोप कुणी सांगणार नाही. कंपनीची बस पहाटे येते, मुलांची परीक्षा असते, रात्रीचं रांधप आटपून भांडी होईस्तोवर दहा वाजतात, हे सांगतील. पाच रात्री मोकळ्या मिळाल्याशिवाय कसला मांड? तेव्हा दिरांचा उत्साह वाया घालवू नका. परंपरा वाचवायची त्यांना खरीच तळमळ आहे, तर वाड्यावरच्या पुरुषांची यादी करायचं काम त्यांच्याकडे द्या: पौषातल्या त्या पाच रात्री कुठल्या घरी कोण जेवण करणार, मुलांना कोण निजवणार, म्हाताऱ्यांना अंगणापर्यंत कोण पोचवणार आणि पोचवून लगेच मागं कोण फिरणार. पहिल्या रात्री तुमच्या घरचं रांधप दिरांच्या नावावर टाका. तिखट जास्त झालं तरी जेवा.